देव त्याला 'मोलू' म्हणतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. होमरच्या 'ओडिसी'चा मराठी अनुवाद चालू आहे. दहाव्या सर्गात 'मोलू' नावाची वनस्पती येते. टीपांमध्ये कुणी तिला रानलसूण म्हणतो, कुणी स्नोड्रॉप हे युरोपातले छोटे पांढरे फूल. एका लेखात तर हा शब्द म्हणजे संस्कृतातला 'मूल'च (झाडाचे मूळ या अर्थाचा) आहे, असे वाचायला मिळाले. मग शब्दाचा खरा अर्थ काय, वनस्पती कोणती, आणि मराठीत लिहायचे काय?

मी बरीच वर्षे प्राचीन ग्रीक शिकवतो आणि या शब्दापाशी वर्ग हमखास थांबतो, म्हणून सविस्तर लिहितो. उत्तर आधी सांगून टाकतो. 'मोलू'ला कोशात प्रतिशब्द म्हणून देता यावा असा अर्थ नाही. ते एका वनस्पतीचे नाव आहे, आणि ते नाव माणसांचे नव्हे, असे कवी स्वतःच सांगतो. संस्कृत 'मूल'शी त्याचे नाते जुळवणे ध्वनीच्या नियमांत बसत नाही. अनुवादात 'मोलू' हाच शब्द ठेवा.

आता कारणे. आधी प्रसंग नीट डोळ्यांसमोर आणू या. काव्याचा नायक ओडिसियस याची बावीस माणसे किर्के नावाच्या जादूगारणीच्या वाड्यात गेली. तिने चीज, जवाचे पीठ, मध आणि प्रामनियन मद्य एकत्र कालवले, त्यात घातक द्रव्ये मिसळली आणि त्यांना प्यायला दिले. मायदेशाची आठवण पुसली जावी, हा तिचा हेतू. मग छडी मारून तिने त्यांची डुकरे केली आणि त्यांच्यापुढे ओकफळे टाकली. म्होरक्या युरिलोखस तेवढा बाहेर थांबला होता, त्याने परत येऊन बातमी दिली. ओडिसियस एकटाच निघाला. वाटेत त्याला मिसरूड फुटू लागलेल्या तरुणाच्या रूपात हर्मीस हा देव भेटला. त्याने किर्केचे सगळे डाव आधीच समजावून सांगितले, आणि मग या पाच ओळी येतात, ३०२ ते ३०६. माझ्या साध्या मराठीत त्या अशा:

"असे बोलून त्याने जमिनीतून उपटून ते औषध मला दिले आणि त्याची ठेवण मला दाखवली. मुळाशी ते काळे होते, फूल मात्र दुधासारखे. देव त्याला मोलू म्हणतात. मर्त्य माणसांना ते खणून काढणे कठीण, पण देवांना सारे काही साधते."

संपूर्ण होमरमध्ये हा शब्द एवढ्या एकाच ठिकाणी आहे. असा एकदाच येणारा शब्द फार सांभाळून हाताळावा लागतो, कारण त्याचा अर्थ तपासायला दुसरे वाक्य मिळत नाही. जे काही आहे ते या पाच ओळींत.

संस्कृतचा मुद्दा आधी घेतो, कारण आपल्या वाचकाला तो सर्वांत जास्त भुलवतो. 'मोलू' आणि 'मूल', त्यात पुन्हा मुळाचा उल्लेख त्याच ओळीत. मराठी माणसाला तर मूळ, मुळी, मुळा असे शब्द लगेच आठवतात. युरोपातल्या जुन्या अभ्यासकांनीही ही तुलना करून पाहिली आहे, तेव्हा ती कल्पना अगदीच हवेतली नाही. पण दोन भाषांतले शब्द ऐकायला जवळचे वाटले म्हणून ते एका घरातले ठरत नाहीत. ध्वनी ठरलेल्या पद्धतीने जुळावे लागतात. संस्कृतातल्या दीर्घ 'ऊ'समोर ग्रीकमध्ये दीर्घ 'ऊ' येतो: 'मूष्' म्हणजे उंदीर, ग्रीकमध्ये 'मूस'. 'धूम'ला 'थूमोस'. (या दुसऱ्या जोडीत अर्थ धुरावरून मनाच्या आवेगावर गेला आहे, पण ध्वनी चोख आहेत.) उलट ग्रीकमधल्या दीर्घ 'ओ'समोर संस्कृतात 'आ' सापडतो: 'दिदोमी' आणि 'ददामि', दोन्हींचा अर्थ 'मी देतो'. 'मोलू'मधला 'ओ' दीर्घच आहे. तेव्हा त्याचा संस्कृत भाऊ असता, तर तो 'माल' किंवा 'मालु' अशा रूपात भेटायला हवा होता, 'मूल' या रूपात नव्हे. हे अंतर भरून काढायला स्वरबदलाच्या जास्तीच्या पायऱ्या कल्पाव्या लागतात. ज्या शब्दाला एकच संदर्भ आहे, त्याच्यासाठी इतक्या पायऱ्या बांधणे मला पटत नाही.

अर्थही साथ देत नाही. मुळासाठी ग्रीकमध्ये 'र्‍हिझा' हा रोजचा शब्द आहे आणि होमरने याच प्रसंगात तो वेगळा वापरला आहे: 'र्‍हिझा'ने काळे, फुलाने पांढरे. पुढे लायकोफ्रॉन या कवीने ओडिसियसचा हाच प्रसंग सांगताना 'मोलूची र्‍हिझा' असे म्हटले आहे. 'मोलू'चा अर्थ मूळ असा असता, तर हे 'मुळाचे मूळ' झाले असते.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. शब्दाचा घाट आपल्याला ओळखीचा वाटतो, आणि त्याला कारण आहे. 'उ'काराने संपणारी नपुंसकलिंगी नामे ग्रीकमध्ये मोजकी आहेत आणि त्यांतली काही थेट आपल्या घरातली आहेत: 'गोनु' म्हणजे जानु, गुडघा. 'दोरु' म्हणजे दारु, लाकूड, आणि लाकडाचा भाला. 'मेथु' म्हणजे मधु, तिथे मद्याच्या अर्थी. 'मोलू' याच रांगेत बसते. पण रांगेत बसणे वेगळे आणि रक्ताचे नाते वेगळे. ग्रीक लोक त्या प्रदेशात येण्याआधी तिथे ज्या भाषा होत्या, त्यांच्यातून कितीतरी झाडाफुलांची नावे ग्रीकमध्ये आली. हयाकिंथोस, नार्किस्सोस, किपारिस्सोस ही त्यांची ठळक उदाहरणे. नव्या मुलखात गेलेला माणूस तिथल्या झाडांना तिथलीच नावे देतो. 'मोलू' याच थरातले असावे असे मला वाटते.

आणि गंमत पाहा, संस्कृतशी खरे नाते याच ओळींत आहे, फक्त ते दुसऱ्या शब्दात आहे. 'त्याची ठेवण मला दाखवली' असे मी वर लिहिले, तिथे मूळ शब्द 'फ्युसिस' आहे. त्याचा धातू म्हणजे आपला 'भू', होणे, उगवणे. उगवून आलेले ते 'फ्युतोन', म्हणजे रोपटे. एखादी गोष्ट जशी उगवून आली, तशी तिची घडण म्हणजे 'फ्युसिस'. पुढच्या शतकांत ग्रीक विचारवंतांनी याच शब्दाने अख्खी निसर्गसृष्टी सांगितली आणि त्यावरून युरोपीय भाषांत भौतिकशास्त्राचे नाव पडले. तो शब्द संपूर्ण होमरमध्ये एकदाच येतो, तो इथे, एका उपटलेल्या झुडपाविषयी, आणि आपल्याला माहीत असलेल्या ग्रीक वाङ्मयातला तो त्याचा पहिला वापर आहे. अनुवाद करताना मला 'मोलू'पेक्षा या शब्दाची काळजी अधिक वाटते. 'गुणधर्म' लिहिले तर औषधाच्या पुडीवरची भाषा होते. 'स्वभाव' लिहिले तर माणसासारखे वाटते. हर्मीस काय करतो? झाड हातात धरून मुळाकडे बोट दाखवतो, मग फुलाकडे. पुढची ओळ नेमकी त्याच क्रमाने जाते. म्हणून मला 'ठेवण' बरा वाटला. 'घडण'ही चालेल.

ग्रीक लोकांना स्वतःला या नावाचा काय अर्थ वाटत होता, तेही पाहू. जुन्या टीकाकारांनी ते 'मोल्युएइन' या क्रियापदाशी जोडले. त्याचा अर्थ ढिला पाडणे, जोर काढून घेणे. विषाचा जोर काढते ते मोलू. स्टोइक या ग्रीक तत्त्वज्ञांच्या पंथातल्या क्लेआंथीसने तर ते रूपक मानले: मोलू म्हणजे 'लोगोस', विवेक, ज्याच्यामुळे वासना आणि विकार ढिले पडतात. दुसरी एक कथा नवव्या शतकातला बायझन्टाइन विद्वान फोटिओस याने केलेल्या सारांशातून आपल्यापर्यंत आली आहे. पिकोलोओस नावाचा एक राक्षस देवांचा राजा झ्यूस याच्याविरुद्धच्या लढाईतून पळून किर्केच्या बेटावर आला आणि तिच्यावरच चालून गेला. किर्केचा बाप सूर्य. त्याने राक्षसाला मारले आणि सांडलेल्या रक्तातून हे झाड उगवले. 'मोलोस' म्हणजे लढाई, म्हणून मोलू. फूल पांढरे, कारण मारणारा सूर्य तेजस्वी. ही सगळी नावावरून मागाहून रचलेली स्पष्टीकरणे आहेत. आपल्याकडे गावाच्या नावावरून स्थळपुराण रचतात, तसेच. त्यांतून शब्दाची व्युत्पत्ती मिळत नाही, पण एक गोष्ट कळते: होमरच्या काही शतकांनंतरच्या ग्रीकांनाही हे नाव आतून उकलत नव्हते.

आता वनस्पती कोणती, याकडे येतो.

सर्वांत जुनी आणि माझ्या मते सर्वांत वजनदार साक्ष थिओफ्रास्टसची आहे. ॲरिस्टॉटलचा हा शिष्य इ.स.पू. चौथ्या-तिसऱ्या शतकात वनस्पतींवर लिहीत होता. तो म्हणतो की मोलू ग्रीसमधल्या आर्केडिया प्रांतात फेनिओस गावाच्या आसपास आणि किल्लेनी डोंगरावर होते, आणि ते होमरने सांगितल्यासारखेच असते असे लोक सांगतात. मूळ कांद्यासारखे गोल, पान 'स्किल्ला'सारखे. स्किल्ला म्हणजे आपल्या रानकांद्याचा जवळचा भाऊबंद, तेव्हा ती लांब पट्ट्यासारखी पाने मराठी वाचकाला सहज कल्पता येतील. विषावर आणि जादूटोण्यावर उतारा म्हणून ते वापरत. आणि शेवटी तो शांतपणे नोंदवतो की होमर म्हणतो तसे ते खणायला मात्र कठीण नसते. हे वाक्य मला फार आवडते. ज्याने झाडांची माहिती गोळा करण्यात आयुष्य घातले, त्याने होमरसमोरही डोळे मिटले नाहीत.

यात आणखी एक धागा आहे. किल्लेनी हा हर्मीसचा जन्मडोंगर. त्याला 'किल्लेनीवाला' असेच म्हणत. ज्या देवाने काव्यात मोलू दिले, त्याच्याच डोंगरावर मोलू सापडते. आता आर्केडियातल्या लोकांनी आपल्या एका कांदेवर्गी वनस्पतीला होमरमुळे हे नाव दिले, की त्यांचे नाव आधीचे आणि ते काव्यात गेले? मला पहिली शक्यता अधिक पटते. गाजलेल्या काव्यातली नावे लोक भोवतालच्या डोंगरांना आणि झाडांना देतातच. आपल्याकडेही कुठल्या कुठल्या डोंगरावर संजीवनी दाखवतात.

पुढे गोंधळ वाढत गेला. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो की ग्रीक लेखक मोलूचे फूल पिवळे रंगवतात, होमरने तर पांढरे म्हटले आहे. त्याला झाडपाल्याच्या एका जाणकाराने इटलीतल्या कांपानियातून खडकांत खणून काढलेले एक मूळ दाखवले. ते तीस फूट लांब होते आणि तेही अर्धवट तुटलेले! कांद्यासारखे गोल मूळ ते तीस फुटी मूळ. एकाच नावाखाली दोन सर्वस्वी वेगळी झाडे आली आहेत, हे उघड आहे. त्याच शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस एक कांदेवर्गी मोलू सांगतो, आणि रानटी सताप्याच्या नोंदीत लिहितो की कापाडोकियाचे (आजच्या तुर्कस्तानातल्या एका प्रदेशाचे) लोक त्यालाही मोलू म्हणतात, कारण मूळ काळे आणि फूल पांढरे. हा रानटी सताप म्हणजे हरमल. इराणात दृष्ट काढायला याच्याच बिया निखाऱ्यावर टाकतात, आपण मीठ-मोहऱ्या टाकतो तशा. म्हणजे काळे मूळ, पांढरे फूल आणि वाईट नजरेवरचा उतारा, तिन्ही गोष्टी इथे एकत्र येतात. मुद्दा आकर्षक आहे, पण कापाडोकियाच्या लोकांनीही नाव होमरवरून उचलले असण्याचीच शक्यता जास्त.

रानलसणाचे म्हणाल, तर लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली लसणाच्या एका जातीला 'ॲलियम मोली' असे शास्त्रीय नाव दिले. बागांच्या पुस्तकांत आज मोली म्हणून हीच दिसते. तिचे फूल पिवळेधमक आहे आणि मूळ वस्ती स्पेन आणि दक्षिण फ्रान्सकडची. होमरच्या ओळींशी ती जुळत नाही. नाव जुळते म्हणून वस्तू तीच, अशी चूक इथे अनेकांकडून होते. हिप्पोक्रेटीस या प्राचीन ग्रीक वैद्याच्या परंपरेतल्या ग्रंथांत 'मोल्युझा' असा लसणासाठी एक शब्द मात्र येतो. म्हणून लसूण-कांद्याचे कूळ मी पूर्ण बाजूला सारत नाही.

राहिला स्नोड्रॉप. १९८३ साली प्लायटाकिस आणि डुव्हॉइसिन या दोन मेंदूविकारतज्ज्ञांनी एका वैद्यकीय नियतकालिकात मांडले की किर्केचे द्रव्य धोतऱ्यासारखे असावे आणि मोलू म्हणजे स्नोड्रॉप. धोतऱ्याने मेंदूतल्या ॲसिटिलकोलीन या निरोप वाहणाऱ्या रसायनाचे काम अडते, भ्रम होतो, स्मृती जाते. स्नोड्रॉपमध्ये गॅलँटामीन असते आणि ते ॲसिटिलकोलीनचे विघटन रोखून ती तूट भरून काढते. बल्गेरियात दिमितर पास्कोव्ह यांनी या फुलापासून १९५० च्या दशकात औषध तयार केले होते, आणि आज अल्झायमरच्या रुग्णांना गॅलँटामीन दिले जाते. फूलही दुधासारखे पांढरे आहे. वैद्यकीयदृष्ट्या ही मांडणी सुंदर आहे आणि पहिल्यांदा वाचताना मीही हरखून गेलो होतो.

पण मूळ ओळींकडे परत या. ज्या धोतऱ्याचे नाव त्या लेखात घेतले आहे, तो अमेरिका खंडातला, होमरच्या जगात तो नव्हता. त्या जागी खुरासानी ओवा किंवा मॅन्ड्रेक या विषारी वनस्पती धरता येतील, दोन्ही भूमध्य प्रदेशात होते, तेव्हा एवढ्यावर मी मांडणी मोडीत काढणार नाही. खरी अडचण वेगळी आहे. डुकरे झाल्यावरही त्या माणसांची बुद्धी पूर्वीसारखीच शाबूत होती, असे होमर स्पष्ट सांगतो (ओळ २४०). शरीर डुकराचे, मन माणसाचे, म्हणून तर ती खुराड्यात रडतात. धोतऱ्याच्या भ्रमात नेमके उलटे होते: शरीर जागच्या जागी राहते आणि मन भरकटते. दुसरे, ओडिसियसने मोलू खाल्ले असे काव्यात कुठेच नाही. त्याने ते खाल्ले, वाटून प्याला की नुसते जवळ बाळगले, यावर कवी गप्प आहे. औषधशास्त्राला औषध पोटात जावे लागते, काव्याला त्याची गरज पडली नाही.

मग कवीला काय हवे होते? 'देव त्याला मोलू म्हणतात' या वाक्याकडे नीट पाहा. होमरमध्ये देवांची भाषा वेगळी असल्याचे उल्लेख अगदी थोडे आहेत. 'इलियड'मध्ये असे चार आहेत आणि तिथे दोन्ही नावे मिळतात: नदीला देव झांथोस म्हणतात, माणसे स्कामांद्रोस. एका पक्ष्याला देव खाल्किस म्हणतात, माणसे किमिंदिस. 'ओडिसी'त मात्र दोनच जागा आहेत, एक मोलू आणि दुसरी बाराव्या सर्गातले 'भटके खडक', आणि दोन्हीकडे फक्त देवांचे नाव दिले आहे. माणसांचे नाव दिलेलेच नाही, कारण माणसांचा या वस्तूंशी व्यवहारच नाही. ही कल्पना आपल्याला परकी नाही. बृहदारण्यक उपनिषदाच्या आरंभी घोड्याविषयी म्हटले आहे की 'हय' होऊन त्याने देवांना वाहिले, 'वाजी' होऊन गंधर्वांना, 'अर्वा' होऊन असुरांना आणि 'अश्व' होऊन माणसांना. वस्तू एक, पण ज्याच्या त्याच्या जगातले तिचे नाव वेगळे.

म्हणूनच 'मोलू'च्या जागी रानलसूण, स्नोड्रॉप किंवा हरमल लिहिणे म्हणजे कवीने मुद्दाम रिकामी ठेवलेली माणसांच्या नावाची जागा आपण भरणे. ते मला चूक वाटते.

खणण्याविषयीही एक बारकावा आहे, तो अनुवादात हमखास हरवतो. हर्मीस ते 'उपटतो', माणसांना मात्र ते 'खणावे' लागते. क्रियापदे वेगळी आहेत. देवाच्या हाताला जे सहज येते, त्यासाठी माणसाला कुदळ लागते. आणि 'खालेपोन' या शब्दात कठीण आणि धोक्याचे, दोन्ही छटा आहेत. ग्रीसमध्ये मुळ्या काढणाऱ्यांचा एक वर्गच होता. मॅन्ड्रेक काढताना त्याच्याभोवती तलवारीने तीन वर्तुळे आखावीत आणि तोंड पश्चिमेला करून ते कापावे, असे त्यांचे नेम थिओफ्रास्टसने नोंदवले आहेत. आपले वैदू रविपुष्याचा योग पाहून वनस्पती काढतात, त्यांना हे ऐकून नवल वाटणार नाही. मुळी जमिनीतून काढणे हे तिकडेही जपून करायचे काम होते. अनुवादात 'कठीण' पुरेल, पण 'अशक्य' लिहू नका. कवीने तसे म्हटलेले नाही.

शेवटी लेखनाविषयी. होमरच्या काळात उच्चार 'मोलु'सारखा, 'ओ' लांब. नंतर अथेन्समध्ये शेवटचा स्वर 'उ' आणि 'ई'च्या मधला झाला. इंग्रजीतून आलेले 'मोली' मराठीत मोळीच्या फार जवळ जाते, शिवाय त्याचे लिंगही स्त्रीलिंगी होऊन बसते. 'मोलू' लिहिलेत की एक सोय आपोआप होते: मराठीत लिंबू, पाखरू, कोकरू अशी ऊकारान्त नपुंसकलिंगी नामे भरपूर आहेत. ग्रीकमध्ये मोलूही नपुंसकलिंगी आणि ज्याला उद्देशून ते येते ते 'फार्माकोन', औषध, तेही नपुंसकलिंगी. म्हणजे 'ते औषध, ते मोलू' ही जोडी मराठीत जशीच्या तशी उतरते. विभक्ती लावताना 'मोलूचे', 'मोलूला' असे सरळ ठेवा. 'औषधी मुळी' हा शब्द कितीही गोड वाटला तरी इथे टाळा. लगेच पुढच्या ओळीत काळे मूळ येते आणि वाचक पुन्हा 'मूल'च्या वाटेला लागतो.

आणि 'फार्माकोन'साठी नुसता 'औषध' हा शब्द पुरणार नाही, सोबत विशेषण हवे. किर्के मिसळते तेही फार्माकोन आणि हर्मीस देतो तेही फार्माकोनच. पहिल्याला कवी 'घातक' हे विशेषण जोडतो, दुसऱ्याला 'चांगले'. तिच्यासाठी 'विखारी औषध' आणि त्याच्यासाठी 'गुणकारी औषध' असे लिहिलेत, तर 'औषध' हा शब्द दोन्हीकडे राहील आणि एकावर दुसऱ्याचा उतारा आहे हे वाचकाला टीपेशिवाय कळेल.